गुलामगिरीविरोधकांचा अटलांटिकपार पत्रव्यवहार, १८४०–१८४७ : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

हद्द ठरवली. बोस्टन सार्वजनिक ग्रंथालयाच्या गुलामगिरीविरोधी संग्रहात पत्रे, चोपडी, पत्रके, वर्तमानपत्रे मिळून सुमारे ४०,००० नग आहेत. अमेरिकेतल्या चळवळीचे पुढारी आणि बोस्टनच्या 'लिबरेटर' या साप्ताहिकाचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या कुटुंबाकडून आलेली कागदपत्रे हा त्याचा गाभा. स्कॅन सर्वांना खुले आहेत, त्यामुळे कागद मिळण्याची अडचण नाही. अडचण आहे ती पसाऱ्याची.

म्हणून १८४० ते १८४७ एवढाच तुकडा घेतला. जून १८४० मध्ये लंडनला फ्रीमेसन्स हॉलमध्ये जागतिक गुलामगिरीविरोधी परिषद भरली आणि ती संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत, ४ जुलैला, कनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' ही आगबोट लिव्हरपूलहून हॅलिफॅक्समार्गे बोस्टनला निघाली. परिषदेने माणसे जोडली (आणि तोडलीही), आगबोटीने त्यांच्यातली टपाल वेळापत्रकावर आणली. शेवटची कड एप्रिल १८४७ : गुलामगिरीतून पळून आलेले अमेरिकन वक्ते व लेखक फ्रेडरिक डग्लस ब्रिटनच्या दौऱ्याहून परतले तो महिना.

काय तयार करायचे : एका पत्राला एक ओळ असा तक्ता, मराठी टिपांसह. प्रत्येक पत्राबद्दल तीन प्रश्न. कधी लिहिले, कोणत्या फेरीने गेले, छापले गेले असेल तर कुठे व कधी. या चळवळीची भाषणे पुष्कळांना ठाऊक असतात. ती भाषणे दुसऱ्या किनाऱ्यावर वाचली जावीत म्हणून किती शिस्तीने टपाल गाठली जात होती, हे मात्र तारखा शेजारी मांडल्याशिवाय दिसत नाही.

१२ जानेवारी

रकाने : संग्रह क्रमांक, लेखक, प्राप्तकर्ता, ठिकाण, पत्रावरची तारीख जशीच्या तशी, तीच तारीख आपल्या पद्धतीने, लिव्हरपूल किंवा बोस्टनहून निघण्याची फेरी, पोचल्याचा शिक्का, छापल्याची तारीख, छापताना गाळलेला मजकूर, टीप.

एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही. १८४५ लिहिले की ते साधा मजकूर समजते. वजाबाकी होत नाही आणि क्रम लावला तर १ सप्टेंबरच्या आधी १ ऑक्टोबर येऊन बसतो. उपाय दोन. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने इंग्रजी अंकांत लिहायचे, म्हणजे मजकूर म्हणूनसुद्धा क्रम बरोबर लागतो. दिवसांचा हिशेब हवा असेल तिथे लिबरऑफिस कॅल्क वापरायचे, त्याला जुन्या तारखा चालतात. देवनागरी अंक शेवटच्या छापील प्रतीत. तक्त्यात दोन्ही अंक मिसळले की शोध अर्धवट चालतो.

'जशीच्या तशी' हा रकाना काढून टाकायचा नाही. डब्लिनचे छापखानदार रिचर्ड डेव्हिस वेब, डार्लिंग्टनच्या एलिझाबेथ पीज हे क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे. क्वेकर मंडळी महिन्यांची रूढ नावे टाळतात आणि '९वा महिना' असे लिहितात. आपल्या काळापुरते हे सोपे आहे, ९वा म्हणजे सप्टेंबर. मात्र संदर्भासाठी १७५२ च्या आधीचे क्वेकर पत्र हाताशी घेतले तर तिथे मार्च हा पहिला महिना असतो आणि सगळे दोन महिन्यांनी सरकते. शिवाय तिरकी रेघ देऊन लिहिलेल्या तारखा : आयर्लंडमधला माणूस आधी दिवस लिहितो, अमेरिकेतला आधी महिना. '४/९' दिसले की लेखक कुठला ते आधी बघायचे.

१९ जानेवारी

ओळख पटवण्याचे काम. संग्रहात पत्रांना संबोधनावरून शीर्षके दिलेली आहेत, त्यामुळे 'माय डिअर फ्रेंड' या एकाच शीर्षकाखाली ढीगभर पत्रे निघतात. उतरवलेली फाइल शीर्षकाच्या नावाने ठेवली की पुढची फाइल मागचीवर बसते. नाव संग्रह क्रमांकाचेच द्यायचे. गॅरिसन यांना आलेली पत्रे एमएस ए १.२ या मालिकेत, त्यांनी लिहिलेली ए १.१ मध्ये, वेस्टन भगिनींची ए ९.२ मध्ये. त्यापुढे खंड आणि पान.

नावांची सूची आधी करावी, मग पत्रे वाचावीत. या वर्तुळात सारख्या नावांची गर्दी आहे. जॉर्ज थॉम्प्सन हे ब्रिटिश वक्ते; ए. सी. सी. थॉम्प्सन हा डग्लस यांच्यावर खोटेपणाचा आरोप करणारा. दोघेही १८४५-४६ च्या कागदांत येतात. सॅम्युअल जे. मे आणि सॅम्युअल मे (धाकटे) हे चुलतभाऊ, दोघेही चळवळीत. मारिया वेस्टन चॅपमन बोस्टनच्या. आणि वेब यांच्या डब्लिनच्या छापखान्याचे नाव 'वेब अँड चॅपमन'. नुसते 'चॅपमन' शोधले की दोन्ही एकत्र येतात. बायकांची नावे तर नवऱ्याच्या नावामागे जातात : 'मिसेस हेन्री जी. चॅपमन' म्हणजे मारियाच. एलिझाबेथ पीज १८५३ च्या लग्नानंतर निकल झाल्या, त्यामुळे ग्रंथालयांच्या सूचीत त्या निकल या नावाखाली सापडतात, आपल्या काळातल्या पत्रांवर सही मात्र पीज.

प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक दिला. तक्त्यात क्रमांक जातो, नाव सूचीतून येते.

२ फेब्रुवारी

गट कसे नोंदवायचे. मे १८४० मध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था फुटली. एका बाजूला गॅरिसन आणि बोस्टनची मंडळी, दुसऱ्या बाजूला लुईस टॅपन यांची नवी संस्था. बायकांना संस्थेच्या कारभारात बरोबरीची जागा द्यायची का, राजकीय पक्ष काढायचा का, पाद्री आणि चर्चवर किती उघड टीका करायची, असे वादाचे मुद्दे. पुढच्याच महिन्यात लंडनच्या परिषदेने अमेरिकेहून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना सभागृहात बसू दिले नाही. ल्युक्रिशिया मॉट त्यांत होत्या. गॅरिसन उशिरा पोचले आणि निषेध म्हणून त्यांच्यासोबत गॅलरीत बसले.

टपालावर याचा थेट परिणाम झाला. १८३९ मध्ये स्थापन झालेली लंडनची ब्रिटिश अँड फॉरिन अँटी-स्लेव्हरी सोसायटी टॅपन यांच्या बाजूने झुकली. तिचे मुखपत्र 'अँटी-स्लेव्हरी रिपोर्टर'. गॅरिसन यांची पत्रे जात ती डब्लिनला वेब, जेम्स हॉटन, रिचर्ड ॲलन यांच्याकडे, ब्रिस्टलला डोळ्यांचे शल्यविशारद जॉन बिशप एस्टलिन यांच्याकडे, डार्लिंग्टनला एलिझाबेथ पीज यांच्याकडे, एडिंबरा व ग्लासगोला. लंडन वगळून केलेले हे जाळे आहे. राजधानीशिवाय एक चळवळ उभी राहिली ती या चार-पाच गावांतल्या माणसांच्या पत्रलेखनावर, आणि या तक्त्याचा खरा विषय तीच माणसे आहेत.

गट व्यक्तीला चिकटवायचा नाही, पत्राच्या तारखेला चिकटवायचा. लोक बाजू बदलतात. ब्रिस्टल आणि क्लिफ्टनच्या महिला संस्थेने लंडनच्या संस्थेशी संबंध तोडले ते १८५१ मध्ये; आपल्या काळात ती संस्था अजून लंडनशी जोडलेली आहे.

१६ फेब्रुवारी

फेऱ्यांचे कॅलेंडर तयार. १८४० च्या दशकाच्या मध्याचे कनार्डचे वेळापत्रक : लिव्हरपूलहून ४ आणि १९ तारखेला, बोस्टनहून १ आणि १६ तारखेला. डिसेंबर ते मार्च लिव्हरपूलहून महिन्याला एकच फेरी, ४ तारखेची. प्रवास साधारण दोन आठवड्यांचा, हवा बरी असली तर कमी. डग्लस स्वतः 'कँब्रिया'ने १६ ऑगस्ट १८४५ ला बोस्टनहून निघाले आणि २८ ला लिव्हरपूलला उतरले, १२ दिवस. शिडाच्या जहाजाला पश्चिमेकडे येताना महिना-सव्वा महिना सहज लागे, आणि कधी पोचेल ते वाऱ्यावर.

पत्राच्या कोपऱ्यात पुष्कळदा बोटीचे नाव असते : 'पर कॅलेडोनिया', 'पर हायबर्निया'. नाव असेल तर नावावरून फेरी लावायची, नसेल तर तारखेवरून. दोन्हींना वेगळी खूण, नाहीतर अनुमान आणि नोंद यांची सरमिसळ होते. 'कोलंबिया' हे नाव जुलै १८४३ नंतरच्या पत्रावर दिसले तर पत्राचे वर्ष पुन्हा वाचा : ती बोट त्या महिन्यात नोव्हा स्कोशियाजवळ खडकावर चढून फुटली.

१ मार्च

कॅलेंडर खरे उतरते का, हे पाहण्यासाठी डग्लस यांची 'लिबरेटर'मध्ये छापलेली नऊ पत्रे घेतली. त्यांची लिहिण्याची आणि छापण्याची अशा दोन्ही तारखा पक्क्या आहेत. 'लिबरेटर' दर शुक्रवारी निघे. छापल्याच्या नऊही तारखा शुक्रवारी पडतात, म्हणजे निदान उतरवून घेताना गडबड नाही.

डब्लिन १ सप्टेंबर १८४५, छापले २६ सप्टेंबर : २५ दिवस.
डब्लिन १६ सप्टेंबर, छापले १० ऑक्टोबर : २४.
कॉर्क २८ ऑक्टोबर, छापले २८ नोव्हेंबर : ३१.
बेलफास्ट १ जानेवारी १८४६, छापले ३० जानेवारी : २९.
पर्थ २७ जानेवारी, छापले २७ फेब्रुवारी : ३१.
माँट्रोज २६ फेब्रुवारी, छापले २७ मार्च : २९.
ग्लासगो १६ एप्रिल, छापले १५ मे : २९.
लंडन २३ मे, छापले २६ जून : ३४.
मँचेस्टर २२ डिसेंबर, छापले २९ जानेवारी १८४७ : ३८.

म्हणजे २४ ते ३८ दिवस, चौदा दिवसांचा फरक. आता लिहिण्याची तारीख सोडून त्यानंतरच्या पहिल्या फेरीपासून मोजा. २२, २१, २४, २६, २३, २३, २६, २२, २५. फरक पाच दिवसांवर आला. बोट निघाल्यापासून तीन ते पावणेचार आठवड्यांत मजकूर वाचकाच्या हातात. सगळी ओढाताण बोट निघण्याच्या आधीची आहे.

नऊपैकी चार पत्रे (डब्लिनची दोन्ही, बेलफास्ट, ग्लासगो) फेरीच्या बरोबर तीन दिवस आधीची आहेत. आयर्लंड किंवा स्कॉटलंडमधून लिव्हरपूल गाठायला लागणारा वेळ धरला तर हे टपाल पकडण्यासाठी बसून लिहिलेले दिसते. लंडनचे २३ मेचे पत्र उलट बाजूचे : १९ ची बोट जाऊन चार दिवस झालेले, पुढची ४ जूनला. बारा दिवस पत्र याच किनाऱ्यावर. अशा पत्राला 'उशिरा छापले' अशी टीप देणे हा संपादकावर अन्याय होईल.

मँचेस्टरच्या पत्राला वेगळी खूण हवी. ते बोस्टनला लिहिलेले नाही. चळवळीतले अमेरिकन कार्यकर्ते हेन्री सी. राइट तेव्हा इंग्लंडातच होते, त्यांनी १२ डिसेंबरला डॉनकास्टरहून लिहिलेल्या पत्राला हे उत्तर आहे. इंग्लंडातल्या दोन माणसांचा आपसातला वाद, आणि तो छापून येतो बोस्टनमध्ये. असे पत्र सुरुवातीपासूनच छापण्यासाठी लिहिलेले असते. 'प्राप्तकर्ता' या रकान्याशेजारी 'खरा वाचक' हा रकाना त्यामुळे वाढवला.

१५ मार्च

टपाल हशील. ब्रिटनमध्ये १८४० पासून हशील वजनावर : देशात अर्ध्या औंसाला एक पेनी, अटलांटिकपार बोटीने जायला अर्ध्या औंसाला एक शिलिंग. अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅमच्या थोडे वर. अमेरिकेत मात्र १ जुलै १८४५ पर्यंत हशील कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर होते : ३० मैलांच्या आत ६ सेंट, ४०० मैलांपलीकडे २५ सेंट, दर कागदाला. लिफाफा वापरला तर तो वेगळा कागद धरत. १ जुलै १८४५ नंतर ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, पुढे १० सेंट, अर्ध्या औंसाला.

यातून तारीख नसलेल्या पत्राची तारीख अंदाजता येते. घडी घालून त्याच कागदाच्या पाठीवर पत्ता लिहिलेला असेल आणि अमेरिकेत आत कुठे दूर जायचे असेल, तर १८४५ च्या मध्याच्या आधीचे असण्याकडे कल धरायचा. लिफाफा असेल तर लिफाफाही स्कॅन झाला आहे का ते पाहायचे. नसेल तर टीप, कारण शिक्के लिफाफ्यावरच राहतात. '२४' असा आकडा दिसला तर पत्र आपल्या हद्दीबाहेरचे : अमेरिका-ब्रिटन टपाल करार डिसेंबर १८४८ चा, २४ सेंट हा एकत्रित दर त्यानंतरचा.

शिक्का अजिबात नसलेली पत्रेही पुष्कळ. ती कुणाच्या तरी हाती दिलेली किंवा सामानाच्या पेटीतून आलेली. महत्त्वाचे कागद असेच जात. आयर्लंडमधल्या ६०,००० सह्यांचे आवाहन, ज्यावर डॅनियल ओकॉनेल आणि फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्या सह्या होत्या, ते चार्ल्स लेनॉक्स रेमंड यांनी डिसेंबर १८४१ मध्ये स्वतःबरोबर अमेरिकेला आणले आणि २८ जानेवारी १८४२ ला बोस्टनच्या फॅनिल हॉलमध्ये ते मांडले गेले. अमेरिकेतल्या आयरिश स्थलांतरितांनी गुलामगिरीविरोधकांच्या बाजूने उभे राहावे असे त्यांना त्यांच्याच मायदेशाने सांगणे, हे त्या कागदाचे काम. अशा वेळी 'फेरी' रकान्यात 'हातोहात' आणि नेणाऱ्याचा क्रमांक.

२९ मार्च

आडवे-उभे लिहिलेली पत्रे. हशील वाचवायला पान भरले की कागद एक चतुर्थांश फिरवून त्याच ओळींवर काटकोनात पुढचा मजकूर लिहीत. हस्तलिखित ओळखणारी प्रणाली (आम्ही ट्रान्सक्रिबस वापरून पाहिली) इथे अडते, कारण ती ओळींच्या पायरेषा एकाच दिशेने शोधते आणि उभ्या ओळींचे तुकडे आडव्या शब्दांत मिसळते. ही पाने हातानेच उतरवायची.

पद्धत : स्कॅनच्या दोन प्रती, एक सरळ, एक ९० अंशांत फिरवलेली. आधी आडवा मजकूर सलग, मग उभा, दोन वेगळ्या फायलींत. एका बैठकीत दोन्ही दिशा घेतल्या की डोळा मागच्या ओळीचे शब्द पुढच्यात घुसवतो. कोणती दिशा आधी लिहिली हे शाईवरून नेहमी कळत नाही; मजकुराच्या सांध्यावरून ठरवावे. पहिल्या पानाच्या आडव्या मजकुराचा शेवट दुसऱ्या पानाच्या आडव्या मजकुराला जुळतो, आणि उभे लिखाण बहुतेक वेळा शेवटचे पान भरल्यावर पहिल्या पानावर परतते.

शाई तपकिरी झालेली असल्याने रंगीत स्कॅनची निळी वाहिनी वेगळी काढली तर अक्षर सर्वांत गडद दिसते. पिवळे डागही तितकेच गडद होतात. डागाळलेल्या पानाला लाल वाहिनी बरी. पाठीमागून झिरपलेली फिकट शाई तिथे जवळजवळ नाहीशी होते. काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर यातले काही चालत नाही, म्हणून उतरवताना रंगीत मोठी फाइलच घ्यायची.

लाखेचा किंवा खळीच्या टिकलीचा शिक्का फोडताना कागदाचा तुकडा निघतो. तिथले शब्द चौकोनी कंसात बिंदूंनी दाखवायचे, अंदाजाने भरायचे नाहीत. तुकडा कधी शिक्क्यालाच चिकटून दुसऱ्या बाजूला राहिलेला असतो, तो आधी शोधावा.

१२ एप्रिल

बोस्टनचा नाताळचा बाजार. १८३४ पासून दर वर्षी बायकांनी चालवलेला हा विक्रीमेळा चळवळीच्या पैशाचा मोठा आधार होता, आणि मारिया वेस्टन चॅपमन त्याच्या सूत्रधार. डब्लिन, कॉर्क, ब्रिस्टल, एडिंबरा, ग्लासगो इथल्या बायका शिवणकाम, भरतकाम, विणकाम करून पेट्या भरून पाठवत. पेटी डिसेंबरच्या आत पोचायला हवी. त्यामुळे शरद ऋतूतल्या पत्रांत पेटी, यादी आणि जकात हे विषय दाटीने येतात आणि बाजार संपल्यावर पोच व आभार. या पत्रांना 'किरकोळ' म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो, तो टाळावा. पेटीबरोबर चोपडी, वर्तमानपत्रे आणि बिनहशिली पत्रे जात, म्हणजे पेटीची यादी हीच टपालाची यादी.

याच बाजारासाठी 'लिबर्टी बेल' हे वार्षिक १८३९ ते १८५८ या काळात, काही वर्षे वगळून, निघाले. आपल्या दिवाळी अंकासारखे, सणाच्या विक्रीसाठी नामवंतांकडून लेखन मागवून केलेले. तारखेची खोच अशी की मुखपृष्ठावर पुढचे वर्ष असते. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांची पळून गेलेल्या गुलाम स्त्रीवरची कविता १८४८ च्या अंकात आहे, पण अंक विकला गेला डिसेंबर १८४७ च्या बाजारात. छापील वर्ष तसेच ठेवून 'विक्री' म्हणून आधीचा डिसेंबर वेगळा लिहायचा.

३ मे

डग्लस यांच्या आत्मकथनाच्या आवृत्त्या. बोस्टनची पहिली आवृत्ती १८४५ च्या मध्याला, प्रकाशक २५ कॉर्नहिल इथली गुलामगिरीविरोधी कचेरी, किंमत ५० सेंट. गॅरिसन यांची प्रस्तावना, वेंडेल फिलिप्स यांचे पत्र. पुस्तकात मालकांची नावे, गावे उघड दिल्यामुळे पकडले जाण्याची भीती होती आणि समुद्रापार जाण्याचे ते एक कारण होते. डब्लिनच्या आवृत्तीला जोडलेल्या नव्या प्रस्तावनेत त्यांनी ते स्वतः सांगितले आहे.

डब्लिनची आवृत्ती वेब यांनी ग्रेट ब्रन्सविक रस्त्यावरच्या (आजचा पीअर्स रस्ता) छापखान्यात काढली, २,००० प्रती. १८४६ ची पुढची आवृत्तीही २,०००. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तेव्हा परस्पर कॉपीराइट नव्हता, तो अमेरिकेने १८९१ मध्ये दिला. म्हणजे बोस्टनचे पुस्तक ब्रिटनमध्ये कुणीही छापू शकले असते. लेखकाला विक्रीचा पैसा मिळायचा तर विश्वासू छापखानदार आणि स्वतः गावोगाव प्रती विकणे हाच मार्ग, आणि डग्लस दौऱ्यावर तेच करत होते. चित्र कोणते घालायचे, पाद्र्यांचे अभिप्राय घालायचे का, यावर दोघांत खटके उडाले; अभिप्राय घालण्याचा आग्रह डग्लस यांचा. त्यात डग्लस यांचे बरोबर होते असे आमचे मत. श्वेतवर्णीय वाचक ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवील त्यांची साक्ष मिळवणे ही त्यांची गरज होती. वेब यांना तो पाद्र्यांचा मान राखणे वाटले, कारण त्यांना स्वतःला अशा साक्षीची गरज कधी पडली नव्हती.

एका मजकुराचा माग पूर्ण लागला, तो नमुना म्हणून तक्त्याच्या सुरुवातीला ठेवत आहोत. ए. सी. सी. थॉम्प्सन याने डेलावेअरच्या वर्तमानपत्रात लिहिले की मी या माणसाला फ्रेडरिक बेली या नावाने ओळखत होतो, तो असले पुस्तक लिहिण्याच्या लायकीचा नव्हता. 'लिबरेटर'ने ते १२ डिसेंबर १८४५ ला जसेच्या तसे पुन्हा छापले. १ जानेवारीची बोस्टनची फेरी धरली तर अंक महिन्याच्या मध्याला लिव्हरपूलला. डग्लस यांचे उत्तर पर्थहून २७ जानेवारीचे, ४ फेब्रुवारीच्या फेरीने, छापले २७ फेब्रुवारीला. 'लिबरेटर'मध्ये आरोप छापला गेला तेव्हापासून उत्तर छापले जाईपर्यंत ७७ दिवस. उत्तराचा गाभा असा : तुम्ही मला ओळखत होता हे लिहून तुम्ही मी खरोखरच गुलाम होतो याची साक्ष दिली, त्याबद्दल आभार. मग वेब यांनी १८४६ च्या आवृत्तीला आरोप आणि उत्तर दोन्ही जोडले. शत्रूच्या लिखाणाचे प्रमाणपत्र झाले, आणि ते झाले दोन फेऱ्या व दोन छापखान्यांच्या जोरावर.

आवृत्त्या पडताळताना नुसते '१८४५' लिहिणे पुरत नाही. गाव, छापखाना, प्रस्तावना नवी की जुनी, शेवटी थॉम्प्सनचा मजकूर आहे की नाही, चित्र आहे का, एवढे पाहावे. चित्राचे पान फाडून नेलेली प्रत 'चित्र नसलेली आवृत्ती' म्हणून नोंदली जाऊ शकते. शिवणीत पानाचा उरलेला काठ शोधावा.

१७ मे

पैसे. न्यूकासलच्या एलन आणि ॲना रिचर्डसन यांच्या पुढाकाराने डग्लस यांची मुक्तता विकत घेतली गेली : १५० पौंड. अमेरिकेतल्या कागदावर ७११ डॉलर ६६ सेंट. मुक्तिपत्र बाल्टिमोरला डिसेंबर १८४६ मध्ये झाले.

१५० पौंडांचे ७११.६६ कसे, हा प्रश्न तक्ता करताना येतोच, कारण सोन्याच्या भावाने एक पौंड सुमारे ४.८६ डॉलर. उत्तर त्या काळच्या हुंडणावळीच्या रीतीत आहे. व्यापारी पौंडाचा नाममात्र भाव ४.४४ डॉलर (नेमके ४ आणि चार नवमांश) धरत आणि त्यावर शेकडा किती चढ, ते सांगत. १५० पौंडांचे नाममात्र ६६६.६७ डॉलर, त्यावर पावणेसात टक्के चढवले की ७११.६७, एका सेंटाच्या फरकाने जुळते. हुंडीचा कागद समोर नसल्याने हे 'गणिताने' अशा खुणेखाली. इतर पत्रांतल्या रकमा आजच्या रुपयांत करायच्या नाहीत. मूळ चलन आणि लागेल तिथे त्या काळचा चढ, एवढेच.

हा व्यवहार चळवळीतल्या अनेकांना खटकला : माणूस विकत घेणे म्हणजे माणसावरची मालकी मान्य करणे. राइट यांचे १२ डिसेंबरचे पत्र याच मुद्द्याचे आणि मँचेस्टरचे उत्तर त्यालाच. ही ओळ आता १ मार्चच्या यादीशी जोडली.

७ जून

साताऱ्याचा धागा. जॉर्ज थॉम्प्सन हे नाव मराठी वाचकाला दोन वेगळ्या इतिहासांत भेटते, आणि तो माणूस एकच. २१ ऑक्टोबर १८३५ ला बोस्टनमध्ये जमाव त्यांना शोधत आला आणि ते न सापडल्याने गॅरिसन यांना दोर लावून रस्त्यातून ओढले. जुलै १८३९ मध्ये लंडनला ब्रिटिश इंडिया सोसायटी निघाली, तिच्यात थॉम्प्सन आणि पीज कुटुंब आघाडीवर. एक हेतू असा की हिंदुस्थानात मुक्त मजुरांनी पिकवलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळाला तर अमेरिकेतल्या गुलामांच्या कापसाचा भाव पडेल. अडचण ठसठशीत होती : ब्रिटनच्या १८३३ च्या गुलामगिरीबंदी कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळलेला होता, इथल्या गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली ती १८४३ च्या पाचव्या कायद्याने.

थॉम्प्सन १८४२ च्या अखेरीस द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्त्याला आले. पुढे लंडनला परतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडली. महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला ठेवले होते आणि त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये दाद मागत होते.

शोधताना : त्या काळच्या इंग्रजी छपाईत साताऱ्याच्या नावात 'टी' दोनदा येतो आणि रंगो बापूजी 'रुंगो बापोजी' असे येतात. आजच्या वर्तनीने शोधले तर हाती काही लागत नाही. या पत्रांना वेगळी खूण 'हिंदुस्थान'. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अमेरिकेच्या लोकांना उद्देशून असलेली अर्पणपत्रिका १८७३ ची, आपल्या हद्दीच्या पुष्कळ पुढची. ती टिपेत राहील, तक्त्यात नाही.

२८ जून

'गाळलेला मजकूर' या रकान्याचे नियम. मूळ पत्र आणि छापील पत्र दोन्ही हाताशी असतील तिथेच तो भरायचा. संपादक व्यक्तींची नावे काढून रेघ देतात, घरगुती बातम्या वगळतात, परिच्छेद जोडतात. मूळ कागदावर पेन्सिलीच्या खुणा किंवा कंस दिसले तर त्या जुळाऱ्यासाठी की नंतरच्या अभ्यासकाच्या, हे ठरवण्यासाठी छापील मजकुराशी ताडावे : खुणेच्या ठिकाणीच छपाई तुटत असेल तर खूण तेव्हाची. मूळ पत्र हरवलेले आणि फक्त छापील उरलेले असेल तर रकान्यात 'मूळ नाही' असे लिहायचे. रकाना रिकामा ठेवला तर वाचक 'काही गाळलेले नाही' असे समजतो.

छापील अंकांच्या यांत्रिक वाचनात दाट स्तंभांमुळे शेजारच्या स्तंभाचे अर्धे वाक्य घुसते. मराठी टीप लिहिण्याआधी पानाचे चित्र उघडून स्तंभ वरपासून खालपर्यंत डोळ्याने वाचणे सक्तीचे.

१२ जुलै

बोस्टन-डब्लिन भाग वाचकांसाठी तयार. पत्राची तारीख, फेरी आणि छपाई या तीनही जागा भरल्या नसतील ती ओळ फिकट रंगात दिसेल आणि अनुमानाने लावलेली फेरी तिरप्या अक्षरांत.

पुढचा भाग एडिंबरा आणि ग्लासगो. तिथे आधी त्या त्या गावाहून लिव्हरपूलला टपाल किती दिवसांत पोचे ते शिक्क्यांवरून ठरवायचे, मगच फेरी लावायची. ३ किंवा १८ तारखेला लिहिलेले पत्र दुसऱ्या दिवशीच्या बोटीला गाठले असे धरून चालणार नाही.